हवेला टांगलेलं ओझं

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाणारा इंटरस्टेट १७ हा महामार्ग सव्वादोनशे किलोमीटरांत सुमारे पावणेदोन हजार मीटर उंची गाठतो. जूनमध्ये खाली पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्या उन्हात पिकअप ट्रक एकामागोमाग एक हा चढ चढत असतात आणि त्यांच्यामागे जोडलेलं असतं एक आख्खं घर. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, पाण्याच्या टाक्या, सगळं मिळून चार-पाच टन. बघणाऱ्याची नजर त्या घरावर जाते, इंजिनाच्या ताकदीचं कौतुक होतं. खरं नवल मात्र खाली आहे, रबर डांबराला टेकतं तिथे.

टेकतं तरी किती? मागच्या एका टायरवर तेराशे किलो भार आहे आणि आत ८० पीएसआय हवा आहे असं धरू. ८० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५.६ किलो. भागाकार केला की उत्तर येतं साधारण २३० चौरस सेंटिमीटर. छपाईचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदाच्या निम्म्याहूनही कमी जागेवर तेराशे किलो! चारही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा दीडेक कागदाची. वळण, ब्रेक, पावसात धरायची पकड, सगळं एवढ्यावर.

त्याहून थक्क करणारी गोष्ट टायरच्या आत चालते. हवा रिमला खालून उचलून धरत असणार, असं आपण सहज धरून चालतो. पण बंद जागेतली हवा रिमला सगळीकडून सारखंच दाबते, जितकं खालून तितकंच वरून, आणि हे दाब एकमेकांना खोडून टाकतात. मग रिम वर राहते कशी? टायरच्या रबरात दोऱ्यांचा एक थर पुरलेला असतो. रेडियल टायरमध्ये हे दोरे रिमच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात. हवा भरली की दोरे ताणले जातात आणि रिमच्या काठावर बसलेल्या पोलादी तारेच्या कड्याला, म्हणजे बीडला, चहूबाजूंनी बाहेर ओढतात. गाडी जॅकवर असेपर्यंत ही ओढ सगळीकडे सारखी असते. जॅक काढला की तळाशी टायरची बाजू फुगते, तिथले दोरे बाक घेतात आणि त्यांची खाली ओढण्याची ताकद घटते. वरच्यांची ओढ तशीच राहते. त्या फरकावर गाडी उभी असते. पाळणा आढ्याला टांगावा तसा आसाचा भार टायरच्या वरच्या अर्ध्या भागाला टांगलेला असतो. चाक फिरतं तशी दोऱ्यांची पाळी क्षणाक्षणाला बदलते.

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने हवेच्या चाकाचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने ते १८८८ मध्ये सायकलसाठी नव्याने शोधून काढलं. रेडियल रचनेचं पेटंट मिशेलिनचं, १९४६ चं. आजचा पिकअप याच तिघांच्या पुण्याईवर घर ओढतो.

आता दुकानात जाऊ. ट्रकची मूळ चाकं काढून मोठी, चकचकीत चाकं आणि रुंद टायर बसवण्याची अमेरिकेत प्रचंड हौस आहे, आणि आपल्याकडेही मॅगव्हीलची दुकानं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. हौसेला माझी हरकत नाही. पण ज्या गाडीने ओझं ओढायचं, तिची चाकं निवडताना देखणेपणाचा विचार सगळ्यांत शेवटी यायला हवा.

टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: एलटी २७५/७०आर१८, १२५/१२२, लोड रेंज ई. यातलं एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठी बनवलेला टायर. २७५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, आणि रिम १८ इंची. खरी चावी १२५ या आकड्यात आहे. तो भारांक. जगभर एकच कोष्टक चालतं आणि त्यात १२५ म्हणजे १६५० किलो, तेही पूर्ण दाबाची हवा असताना. पुढचा १२२, म्हणजे १५०० किलो, जोडचाकांसाठी. अगदी जवळच्या मापाचा, दिसायला जुळा भाऊ वाटावा असा मोटारीच्या जातीचा टायरही मिळतो. त्याचा भारांक ११६, म्हणजे १२५० किलो. शिवाय असा टायर ट्रकला लावला तर अमेरिकी नियमानुसार त्याच्या क्षमतेला १.१ ने भागावं लागतं. उरतात ११३६ किलो. आपल्या टायरवर तर तेराशे किलो आहेत.

हे तेराशे आले कुठून? फिफ्थ व्हील नावाची जोडणी असलेल्या ट्रेलरचं साधारण १५ ते २५ टक्के वजन ट्रकच्या पाठीवर येतं. ट्रेलर पाच टनांचा असेल आणि २० टक्के धरले, तर हजार किलो जवळजवळ पूर्णपणे मागच्या आसावर बसतात. आसाचा स्वतःचा रिकाम्या गाडीचा भार समजा तेराशे, माणसं आणि सामान तीनशे. बेरीज २६००, दोन टायरांत वाटून तेराशे. हे कागदावरचं गणित झालं. प्रवासाला निघण्याआधी भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवून आसाचं वजन वेगळं घ्यावं, कारण पाण्याच्या टाक्या आणि कपाटातली भांडी कुणी मोजत नाही.

टायर पुरेसा सशक्त घेतला तरी काम संपत नाही. रिमलाही क्षमता असते आणि तिचा आकडा रिमच्या पाठीवर, हबला टेकणाऱ्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे कोरलेला असतो. फिटिंग झाल्यावर तो दिसत नाही. २५०० पाउंड असं तिथे कोरलेलं असेल तर ती रिम ११३४ किलोंची. तिच्यावर १६५० किलोंचा टायर चढवला तरी चाक ११३४ चंच राहतं. शिवाय आसाची मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेली असते. टायर, रिम आणि आस यांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, ती गाडीची क्षमता. नवी दणकट चाकं बसवून गाडीची ओढण्याची ताकद वाढत नाही. हा गैरसमज फार जणांचा आहे आणि तो धोक्याचा आहे.

चाक मडगार्डच्या बाहेर आलेलं दिसावं म्हणून वेगळ्या ऑफसेटच्या, म्हणजे हबला टेकणारा भाग रिमच्या मधल्या रेषेपासून वेगळ्या अंतरावर असलेल्या, रिम घेतात. कंपनीने चाकाची जागा अशी ठरवलेली असते की भार बेअरिंगांच्या नेमका वर यावा. ऑफसेट अधिक ४४ मिलिमीटरवरून उणे १२ वर नेला, तर भाराची रेषा ५६ मिलिमीटर बाहेर सरकते. तेराशे किलो आणि साडेपाच सेंटिमीटरांचा दांडा, ही पिरगळ बेअरिंगला गाडी उभी असतानाही सोसावी लागते, आणि वळणावर तर कितीतरी पटींनी.

नटांचीही गंमत ऐका. गाडीचा भार नट-बोल्टवर तोललेला असतो असं वाटतं. नट योग्य ताकदीने आवळला की बोल्ट किंचित लांबतो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा रिमला हबवर दाबून धरतो, आणि भार पेलतं ते रिम आणि हबमधलं घर्षण. नट ढिला राहिला की घर्षण जातं, रिम सरकू लागते आणि मग बोल्ट कातरले जातात. म्हणून नटाच्या बुडाचा आकार, निमुळता की गोल, रिमच्या भोकाशी जुळायलाच हवा, आवळताना टॉर्क पाना हवा, आणि नवी चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरांनंतर नट पुन्हा तपासायला हवेत.

उरली उष्णता. वर सांगितलेल्या मापाचा टायर ताशी १०० किलोमीटर वेगाने सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत रबराचा कण न् कण एकदा वाकतो आणि सरळ होतो, आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता आत ठेवतो. हवा कमी असेल तर वाकणं वाढतं, उष्णता वाढते, थरांमधली पकड सुटते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनला ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. ते मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते, धावता धावता त्यांचे वरचे थर सुटत होते, आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. दोष टायरांच्या घडणीत होता. ऊन, वेग, भार आणि कमी हवा यांनी तो जीवघेणा केला. त्याच वर्षी कायदा झाला, आणि आज मोटारींत हवा कमी झाली की जो पिवळा दिवा लागतो, तो त्या कायद्याचं फळ आहे.

टायर तापला की दाब आपोआप वाढतो. थंड असताना ८० असलेला आकडा टायर वीसेक अंशांनी तापल्यावर ८६ च्या पुढे जातो. हे बघून घाबरून पेट्रोलपंपावर हवा सोडणारे लोक भेटतात. असं कधीही करू नये. छापील दाब थंड टायरचा असतो आणि गरम झाल्यावर होणारी वाढ टायर बनवणाऱ्याने हिशेबात धरलेली असते. सोडलेली हवा थंड झाल्यावर कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी वाकणं वाढतं.

कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस चालतो, त्या टायरांनाही हाच हिशेब लागू आहे. माप वेगळं, दाब वेगळा. दोरे, उष्णता आणि नट तेच.

तेव्हा ओझं ओढणाऱ्या गाडीसाठी बाहेरची चाकं घ्यायला जाल, तर दुकानदाराला रिम उलटी करून दाखवायला सांगा. कोरलेला आकडा वाचा, टायरचा भारांक वाचा, टायरवरच्या डॉट खुणेतले शेवटचे चार अंक बघून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला तेही पाहा. आणि रिमच्या पाठीवर आकडाच नसेल, तर ती कितीही सुंदर दिसो, घेऊ नका.