परतीचे इंधन

परीक्षा आटोपल्या की पुष्कळ घरांतून एक दृश्य दिसू लागते. दुकान वाढवून वडील घरी परततात, तेव्हा मुलगा संगणकासमोर बसलेला असतो. पडद्यावर राखाडी, खड्ड्याखड्ड्यांची जमीन असते आणि तिच्यावर उतरू पाहणारे एक यान. पाहता पाहता यान आदळते, त्याचे तुकडे उडतात आणि मुलगा निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. वडीलधाऱ्यांना हा कालापव्यय वाटतो. बहुतेक संगणकीय खेळांच्या बाबतीत हा समज फारसा चुकीचाही नाही. परंतु या एका खेळाकडे घटकाभर शेजारी बसून पाहिले, तर व्यापारी घरातील माणसाला त्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ काही आढळेल. कारण हा खेळ नेमबाजीचा नाही, की शर्यतीचाही नाही. तो जमाखर्चाचा आहे.

खेळाचे नाव 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. त्याचा जन्म मेक्सिको सिटीतील 'स्क्वॉड' या कंपनीत झाला. जाहिरात व विपणनाच्या क्षेत्रातील या कंपनीत फेलिपे फलांघे नावाचा ब्राझीलचा तरुण नोकरीस होता. किशोरवयात तो आतषबाजीच्या बाणांना पत्र्याच्या चिमुकल्या बाहुल्या बांधून आकाशात सोडत असे. त्या बाहुल्यांना त्याने 'कर्बल' हे नाव दिले होते. पुढे त्याच छंदातून हा खेळ आकारास आला आणि २४ जून २०११ रोजी त्याची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. संपूर्ण स्वरूपातील आवृत्ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेनेही लघुग्रहांविषयीच्या एका भागासाठी या खेळाच्या कर्त्यांशी सहकार्य केले.

खेळातील ग्रहाचे नाव कर्बिन. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे एक दशांश. पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच. त्याच्यापासून १२,००० किलोमीटरवर 'मुन' हा उपग्रह फिरतो. मुनची त्रिज्या २०० किलोमीटर असून त्याचे आकर्षण आपल्या चंद्राप्रमाणे पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. खेळाडूने यानाचे भाग स्वतः जुळवायचे, ते मुनवर सुखरूप उतरवायचे आणि आतील हिरव्या कांतीच्या अंतराळवीराला परत घरी आणायचे. यान मुनपर्यंत पोहोचविणे पुष्कळांना थोड्या सरावाने साधते. खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते.

उंची नव्हे, वेग

नवख्या खेळाडूला वाटते की उतरणे म्हणजे खाली येणे. वास्तविक खाली येण्यास काहीच करावे लागत नाही. ते काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. मुनभोवती १५ किलोमीटर उंचीवर घिरट्या घालणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर असतो आणि तो जवळजवळ सगळा आडवा असतो. हा वेग शून्यावर आणणे, हेच उतरण्याचे मुख्य काम होय. मुनवर हवा नाही; त्यामुळे हवाई छत्री निरुपयोगी ठरते. वेग कमी करण्याचा एकच मार्ग उरतो. यानाचे इंजिन प्रवासाच्या दिशेकडे वळवायचे आणि इंधन जाळायचे.

म्हणूनच अनुभवी खेळाडू इंधन लिटरमध्ये मोजत नाहीत, वेगातील बदलात मोजतात. रुपयाने जसे धान्य, कापड, मजुरी हे सर्व एका मापात येते, तसे या मापात सगळा प्रवास मांडता येतो. मुनच्या कक्षेतून जमिनीवर उतरण्यास सेकंदाला सुमारे ५८० मीटर खर्च येतो. पुन्हा कक्षेत चढण्यास तितकाच आणि तेथून घराची वाट धरण्यास आणखी सुमारे ३१० मीटर. उतरण्याचा खर्च ५८० आणि परतीचा ८९०. उतरणे हा अर्धाही व्यवहार नाही, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते.

या मापाचे किलोत रूपांतर करण्याचे सूत्र रशियातील कालुगा येथील शाळाशिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केले. चक्रवाढ व्याजाशी परिचय असणाऱ्यांना ते परके वाटू नये. पुढे लागणारे इंधन आधी वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन लागते; म्हणजे भार चक्रवाढीने वाढत जातो. खेळातील एका नेहमीच्या छोट्या इंजिनाचा हिशेब मांडला, तर एक टन वजनाच्या रिकाम्या यानाला परतीसाठी सुमारे ३०० किलो इंधन लागते. उतरणे आणि परतणे या दोहोंसाठी मिळून सुमारे ५४४ किलो. याचा अर्थ, यानाचे पाय जमिनीला टेकतात त्या क्षणी टाकीत निम्म्याहून अधिक इंधन शिल्लक असले पाहिजे. ज्याचा काटा तेव्हा शून्यावर आला, तो उतरला खरा, पण तेथेच अडकला.

थांबण्याचे व्याज

वेग घालवायचा, तर मग तो आरामात, हळूहळू का घालवू नये? सावध स्वभावाचा खेळाडू पहिल्यांदा हेच करतो. उंचावरच यान जवळजवळ स्थिर करतो आणि इंजिन चालू ठेवून इंचाइंचाने खाली येतो. यान आदळत नाही, हे खरे. परंतु गुरुत्वाकर्षण हा असा सावकार आहे की जो दिवसाने नव्हे, सेकंदाने व्याज आकारतो. मुनवर यान अधांतरी उभे ठेवण्यास दर सेकंदाला १.६३ मीटर प्रतिसेकंद इतका वेग इंजिनातून पुरवावा लागतो. एक मिनिट तरंगत राहिल्यास ९८ मीटरचा खर्च होतो. वरील उदाहरणातील यानाला त्यासाठी सुमारे ३८ किलो इंधन मोजावे लागते आणि ते परतीच्या ३०० किलोंतून वजा होते. मुद्दल जागच्या जागी राहते, नुसते व्याजच भरले जाते.

याउलट धाडसी खेळाडू शेवटपर्यंत यान पडू देतो आणि अखेरच्या क्षणी पूर्ण जोराने इंजिन लावतो. इंधनाच्या दृष्टीने हाच मार्ग सर्वांत स्वस्त. पण त्याची मुदत किती कडक असते पाहा. समजा, एक किलोमीटर उंचीवर यान स्थिर केले आणि तेथून मोकळे सोडले. त्याचे इंजिन दर सेकंदाला ५ मीटरने वेग बदलू शकते. त्यातून गुरुत्वाकर्षणाचे १.६३ वजा केले की हाती ३.३७ उरतात. अशा यानाने सुमारे ३२६ मीटर उंचीवर इंजिन चालू केले, तर जमिनीशी येताना वेग नेमका शून्य होतो. त्या क्षणी यान सेकंदाला ४७ मीटर वेगाने खाली येत असते. फक्त एका सेकंदाचा उशीर झाला, तर तेच यान सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ७८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. हुंडीची मुदत चुकली, तर दंड भरून पत राखता येते. येथे तशी सवलत नाही.

शहाणपण या दोन टोकांच्या मध्ये आहे. जाणता खेळाडू ३२६ मीटरच्या ऐवजी ४०० मीटरवर इंजिन लावतो. थोडे व्याज जाते, पण सुरक्षितता विकत मिळते. कोठे आणि किती व्याज सोसावे, हे ठरविण्यातच सारे कौशल्य आहे.

आणखी दोन गोष्टी तो चुकांमधून शिकतो. पहिली उंचीविषयी. पडद्याच्या माथ्यावरील आकडा यान प्रत्यक्ष जमिनीपासून किती उंच आहे हे सांगत नाही. तो एका कल्पित समतल पातळीपासून मोजलेला असतो. मुनवर तर सुमारे ७ किलोमीटर उंचीचे डोंगर आहेत. आकडा ३,००० दाखवीत असताना खालची जमीन पाचशे मीटरवर असू शकते. म्हणून जाणते खेळाडू सूर्य तिरपा असताना उतरतात आणि जमिनीवर पडलेल्या यानाच्या सावलीवर नजर ठेवतात. सावली जवळ येऊ लागली की जमीन जवळ आली, हे निश्चित. दुसरी गोष्ट आडव्या वेगाची. सरळ खाली येणारे यान थोडे जोरात टेकले, तरी पायांवर निभावते. पण थोडासाही आडवा वेग उरला, विशेषतः उतारावर, की यान कलंडते. कलंडलेल्या यानात इंधन कितीही असो, ते उपयोगाचे राहत नाही.

वेगळी पेटी

इंधन संपून अंतराळवीर मुनवर अडकला, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या वाट्यास एकदा तरी येतो. खेळात त्याला अन्नपाण्याची वा हवेची गरज नसते; तो शांतपणे वाट पाहत राहतो. मग त्याला आणण्यासाठी दुसरे यान पाठवावे लागते, तेही पहिल्याच्या अगदी जवळ उतरवावे लागते. पहिल्या यानात वाचविलेल्या थोड्या इंधनाची किंमत अशी एका संपूर्ण नव्या मोहिमेने चुकती होते.

या अनुभवानंतर अनेकजण यानाची रचनाच बदलतात. उतरण्याचे इंजिन व टाकी खालच्या भागात, परतीचे इंजिन व टाकी वरच्या भागात, अशी विभागणी करतात. खालचा भाग मुनवरच सोडून द्यायचा. अपोलो मोहिमांतील चांद्रयानाची रचना नेमकी अशीच होती. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन उतरत असताना समोर मोठमोठ्या शिळांनी भरलेले विवर आले. ते ओलांडून सपाट जागा गाठेपर्यंत उतरण्याचे इंधन संपत आले होते. परंतु चंद्रावरून वर चढण्याचे इंधन वेगळ्या टाक्यांत होते. त्याला या धावपळीत हातही लागू शकत नव्हता. राखीव रक्कम ज्या खात्यातून रोजचा खर्च होतो त्याच खात्यात ठेवू नये, हा बँकेत नेहमी दिला जाणारा सल्ला तेथे धातूत घडविलेला होता.

पेढ्या बुडतात त्या दर वेळी तोट्यामुळेच, असे नाही. ताळेबंदात नफा दिसत असताना हाती रोकड नाही, म्हणून बंद पडलेल्या पेढ्याही थोड्या नाहीत. नवे दुकान, नवा गाळा, नवा माल घेताना तेथवर पोहोचण्याचा खर्च सारेच मांडतात. बाजार फिरला तर मागे येण्याचा खर्च फार थोडे मांडतात.

भारताचे उदाहरण

आपल्या देशानेही हा धडा मोल देऊन घेतला. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे 'विक्रम' हे यान चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे दोन किलोमीटरवर असताना त्याचा संपर्क तुटला आणि ते आदळले. 'इस्रो'ने त्या अपयशाची कारणे बारकाईने तपासली. इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला होता, लहान लहान चुका साचत गेल्या होत्या आणि उतरण्यासाठी नेमलेली जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. पुढच्या यानासाठी ती जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी विस्तारण्यात आली, पाय अधिक बळकट केले, इंधन वाढविले आणि वेग मोजण्याचे नवे साधन बसविले. काय काय बिघडू शकेल, याची यादी आधी करून मग यान घडविले गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी 'विक्रम' चंद्रावर अलगद उतरले.

पुढे ३ सप्टेंबरला त्याच यानाने इंजिने पुन्हा चालवून सुमारे ४० सेंटिमीटर उंच उडी घेतली आणि ते थोडे बाजूला सुखरूप टेकले. 'विक्रम'ला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात तर शंभर किलोहून अधिक इंधन उरले होते. त्या बळावर तो भाग पुन्हा पृथ्वीच्या कक्षेत आणता आला. मूळ योजनेत नसलेली ही दोन्ही कामे केवळ शिलकीमुळे शक्य झाली.

खेळात आदळलेले यान एक कळ दाबताच पुन्हा उड्डाणतळावर उभे राहते. हीच त्याची मोठी सोय आणि हाच त्याचा धोका. काही खेळाडू स्वतःहून ती कळ न वापरण्याचा नियम करतात, कारण चूक फुकट झाली की हिशेब ढिला होतो. घरातल्या मुलाचे यान पुढच्या वेळी मुनवर टेकेल, तेव्हा वडिलांनी त्याला 'उतरलास का?' असे विचारू नये. 'परत येण्यापुरते शिल्लक आहे का?' एवढेच विचारावे. तो प्रश्न मुलाच्या कानावर लहानपणीच पडलेला बरा; कारण पुढे पेढीवर बसल्यावर मागे नेणारी कळ त्याच्या हाताशी नसेल.