चेहऱ्यावरचे पोटभाडेकरू : डेमोडेक्स आणि रोझेशिया

या भागात नेहमीचं कोडिंग बाजूला ठेवून मी माझ्याच चेहऱ्याबद्दल बोललो होतो. बऱ्याच जणांनी "लिहून दे" म्हटलं, म्हणून जरा नीटनेटकं करून इथे देतोय.

दोन वर्षांपूर्वी माझे गाल आणि नाक सतत लालसर राहायला लागले. गरम चहा घेतला, उन्हात गेलो, की चेहरा नुसता पेटायचा. मग बारीक पुळ्या आल्या. मला वाटलं, पिंपल्स. मेडिकलमधून एक ट्यूब आणली आणि आठवड्याभरात चेहरा साफ! पण ट्यूब बंद केली की पुळ्या दुपटीने परत. असं चार महिने चाललं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. त्यात स्टेरॉइड होतं. मला झालेला रोझेशिया, आणि मी त्यालाच खतपाणी घालत होतो.

त्याच दिवशी डॉक्टरांच्या तोंडून "डेमोडेक्स" हा शब्द ऐकला. घरी येऊन त्याचे फोटो बघितले आणि रात्रभर झोप लागली नाही.

तर डेमोडेक्स म्हणजे काय? हा माइट आहे. शेतकरी ज्याला "लाल कोळी" म्हणतात तो किंवा खरूज करणारा किडा, यांच्या लांबच्या नात्यातला. आठ पाय, लांबुळका, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटा. जर्मन डॉक्टर गुस्ताव सिमोन यांनी १८४२ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. माणसावर याच्या दोन जाती राहतात : फॉलिक्युलोरम केसाच्या मुळाशी, आणि ब्रेविस त्याहून खोल तैलग्रंथीत. दिवसा आत, रात्री त्वचेवर फेरफटका. आणि मुख्य म्हणजे, बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर हे असतात. तुमच्यासुद्धा!

मग सगळ्यांना रोझेशिया का होत नाही? इथे प्रश्न "आहेत की नाहीत" असा नसून "किती आहेत" असा आहे. १९९३ मध्ये फोर्टन आणि सेस या संशोधकांनी त्वचेच्या वरच्या थराचे नमुने घेऊन माइट्स मोजले. निरोगी लोकांत दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.७, रोझेशियाच्या रुग्णांत १०.८. फरक चांगलाच मोठा आहे.

पण थांबा. आपण डेव्हलपर मंडळी रोज बघतो, सर्व्हर पडला तेव्हा लॉगमध्ये एक एरर हजार वेळा दिसते, पण ती कारण असते की परिणाम, हे लगेच कळत नाही. इथेही तसंच आहे. एक शक्यता अशी की माइट्स वाढले, त्यांच्या अंगावरचं कायटिन आणि त्यांच्यातले जिवाणू यांना आपली प्रतिकारशक्ती भिडली आणि त्यातून दाह झाला. दुसरी अशी की त्वचा आधीच बिघडलेली होती, आणि तिथे माइट्सना राहायला सोयीचं झालं. दोन्ही एकमेकांना वाढवत असतील, हेही शक्य आहे. रोझेशियात त्वचेची स्वतःची संरक्षणयंत्रणा गरजेपेक्षा जास्त भडकलेली असते, हे मात्र वेगळ्या अभ्यासांतून दिसलंय.

आता औषध. कोव्हिडमुळे सगळ्यांना माहीत झालेलं आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून याची सुरुवात झाली, आणि त्या कामासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. याचं एक टक्क्याचं क्रीम २०१४ मध्ये अमेरिकेत रोझेशियासाठी मंजूर झालं. मेट्रोनिडॅझोल क्रीमशी तुलना करणाऱ्या एका चाचणीत १६ आठवड्यांनी आयव्हरमेक्टिनने पुळ्या सुमारे ८३ टक्क्यांनी कमी झाल्या, मेट्रोनिडॅझोलने सुमारे ७४ टक्क्यांनी.

म्हणजे माइट्स दोषी ठरले? नाही ना! आयव्हरमेक्टिन माइट्स मारतं, तसंच दाहही कमी करतं. शिवाय डॉक्सिसायक्लिनचा अगदी कमी डोस, ज्याने जिवाणूसुद्धा मरत नाहीत, तोही रोझेशियात काम करतो. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर चालला म्हणून बग सापडला असं होत नाही, तसंच हे.

आणि माझी ती ट्यूब? स्टेरॉइडने दाह दबतो, म्हणून चेहरा छान दिसतो. पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते आणि माइट्सना रान मोकळं मिळतं. आपल्याकडे गोरेपणासाठी किंवा पिंपल्ससाठी अशी क्रीम्स सर्रास लावतात, आणि ती सोडताना चेहरा आणखी भडकतो. सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे रोझेशिया ओळखू यायलाही उशीर होतो.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, "सगळे माइट्स मारून टाकता येतील का?" त्या हसल्या. "शून्य करायचे नाहीत, गर्दी कमी करायची." मग स्टेरॉइड बंद, आयव्हरमेक्टिन क्रीम रोज रात्री, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पहिले काही आठवडे त्रास झाला, मग हळूहळू चेहरा शांत झाला. चहा अजून कोमट करूनच पितो.

तुमचा चेहरा असा लाल होत असेल तर दोनच गोष्टी करा : हातातल्या ट्यूबवरचं नाव वाचा, आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन किंवा इंटरनेटवरचे घरगुती प्रयोग चेहऱ्यावर नकोत.

चला, पुढच्या भागात भेटू!