डाव लिहून ठेवावा

आपल्या जुन्या घरांतून काय काय लिहून ठेवण्याची चाल होती याचा विचार केला, म्हणजे मोठी मौज वाटते. मुलांच्या जन्मपत्रिका, कुळाच्या वंशावळी, सणावारांच्या याद्या, लग्नकार्यांतील आहेर, कोठारांतील धान्य आणि वाण्याची उधारी हीं सर्व कोठें ना कोठें नोंदलेलीं असत. मात्र त्याच घरांच्या ओसरीवर दुपारचीं जेवणें आटोपल्यावर बुद्धिबळाचा जो पट मांडला जाई, त्यावरचा डाव सहसा कोणी लिहून ठेविला नाहीं. आपले आजोबा पट्टीचे खेळणारे होते, ते प्याद्यानें मात करीत, एवढी कीर्ति नातवांच्या कानीं येते. पण ती मात त्यांनीं कशी केली, हें विचारलें तर सांगणारा कोणी नसतो. मोहरे डब्यांत गेले कीं त्यांच्या पाठोपाठ डावही गेला, अशी आपली रीत. ही रीत सोडण्यास आज पूर्वीं कधीं नव्हती इतकी सोय झाली आहे, आणि ती प्रत्येक घरानें सोडावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

वस्तुतः ज्या देशांत या खेळाचा जन्म झाला, त्या देशास पटावरील घरें अक्षरांनीं ओळखण्याची कल्पना नवी नव्हे. नवव्या शतकांतील आलंकारिक रुद्रट यानें आपल्या ‘काव्यालंकारां’त तुरगपदबंध दिला आहे. आठ आठ अक्षरांचे चार चरण एकाखालीं एक मांडले म्हणजे बत्तीस घरांचा अर्धा पट होतो. त्या अक्षरांवरून बुद्धिबळांतील घोडा त्याच्या चालीनें फिरविला, तरी पुन्हा तोच श्लोक वाचतां येतो! पुढें वेदान्तदेशिकांनीं ‘पादुकासहस्रां’त एका श्लोकाच्या अक्षरांवरून घोडा नेऊन दुसराच श्लोक उत्पन्न केला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त या खेळाचें वर्णन आहे. सतराव्या शतकांत काशींतील महाराष्ट्रीय पंडित नीलकंठभट्ट यांनीं ‘नीतिमयूखां’त त्यास स्थान दिलें. १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा युरोपीय पद्धतीच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतराच्या रूपानें मुंबईस छापला गेला. सारांश, ग्रंथ होते, नियम होते, अक्षरांची योजनाही होती. नव्हती ती केवळ घरोघर खेळल्या जाणाऱ्या डावांची नोंद.

या उणीवेमुळें आपण काय गमाविलें, हें एका उदाहरणानें ध्यानांत येईल. १८४८ च्या सुमारास बंगालमधील एका आडगांवचे ब्राह्मण महेशचंद्र बॅनर्जी हे कलकत्त्यास येऊन जॉन कॉक्रन नांवाच्या बॅरिस्टराशीं बुद्धिबळ खेळूं लागले. महेशचंद्र आपल्या मुलखांत अजिंक्य समजले जात. पण त्या मुलखांतील त्यांचे डाव आज कोणासही ठाऊक नाहींत. कलकत्त्यास आल्यावर मात्र ते लिहिले जाऊं लागले, आणि त्यांतील शेंकडों डाव आज उपलब्ध आहेत. वजिरापुढील प्यादें दोन घरें पुढें आलें असतां काळ्यानें घोडा बाहेर काढून उत्तर देण्याच्या प्रकारास जगभर ‘भारतीय बचाव’ म्हणतात; त्या नांवामागें महेशचंद्रांच्या खेळाची आठवण आहे, असें या खेळाचे इतिहासकार सांगतात. तीच गोष्ट पंजाबच्या मीर सुलतान खानांची. देशी रीतीनें बुद्धिबळ शिकलेल्या या गृहस्थानें १९२९, १९३२ आणि १९३३ या तीन वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, आणि माजी जगज्जेता कापाब्लांका यासही हरविलें. तो डाव आज दुसरबीडच्या ओसरीवर जसाच्या तसा मांडून पाहतां येतो. लेखणीचा स्पर्श झाला म्हणून हे डाव जगले. न लिहिलेले किती गेले याची गणति कोण करणार?

आतां आजच्या सोयीविषयीं. आमचें दुसरबीड हें सिंदखेड राजा तालुक्यांतील, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. पूर्वीं येथें संध्याकाळीं पटाभोंवतीं बसणारीं चार-सहा माणसें सहज जमत. पुढें कोणी मुलाकडे पुण्यास गेले, कोणी नागपुरास, आणि पट कोनाड्यांत राहिला. तो पुन्हा खालीं आला तो मोबाईलच्या द्वारें. लीचेस नांवाचें संकेतस्थळ २०१० सालीं फ्रान्समधील थिबो डुप्लेसी यानें सुरू केलें. तें विनामूल्य असून त्यावर जाहिरातीही नाहींत. चेस डॉट कॉम हें दुसरें मोठें स्थळ २००७ पासून चालू आहे. अशा ठिकाणीं अनोळखी माणसाशींच खेळावें लागतें हा समज खरा नव्हे. आपल्या मित्रास निमंत्रण पाठवावें, गुणांकनाचा संबंध नसलेला मैत्रीचा डाव निवडावा, आणि सवड असेल तसें खेळावें. एका खेळीस चौदा दिवसांपर्यंतही मुदत ठेवतां येते. पूर्वीं पोस्टकार्डावर एकेक खेळी लिहून जे डाव महिनोन्‌महिने चालत, त्यांचाच हा नवा अवतार. सकाळीं स्नानसंध्या झाल्यावर आपण एक खेळी करावी, नागपूरच्या मित्रानें दुपारीं उत्तर द्यावें, असा डाव पंधरवडाभर सुखानें चालतो.

येथें जुन्या खेळणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या देशी रीतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर चाले. येथें तें दोन घरें जाऊं शकतें. ज्या मोहऱ्याच्या उभ्या ओळींत प्यादें शेवटास पोंचे त्याच मोहऱ्याचें रूप त्यास मिळे; येथें बहुधा वजीरच घेतात. राजाच्या घोडचालीऐवजीं किल्लेकोट आहे. चार दिवसांत हें अंगवळणीं पडतें.

डाव चालू असतांना पटाच्या बाजूस खेळींची यादी आपोआप उमटत असते. पुष्कळ लोक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. यंत्र लिहितें खरें, परंतु ज्यास वाचतां येत नाहीं त्यास पोथी घरांत असून नसल्यासारखीच! वास्तविक ही लिपि शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या आठ ओळींस इंग्रजींतील ए पासून एच पर्यंतचीं अक्षरें द्यावींत. पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणाऱ्या आडव्या ओळींस १ ते ८ हे आंकडे द्यावे. मग चौसष्टांपैकीं प्रत्येक घरास स्वतःचें नांव मिळतें. पांढरा राजा ई१ वर बसतो, काळा ई८ वर. मोहऱ्यांस त्यांच्या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें असतात; फक्त घोड्याचें पहिलें अक्षर राजानें आधींच घेतल्यामुळें त्यास एन हें अक्षर मिळालें आहे. घरच्या वहींत मात्र आम्ही मराठी अक्षरेंच लिहितों: राजा ‘रा’, वजीर ‘व’, हत्ती ‘ह’, उंट ‘उं’ आणि घोडा ‘घो’. बिचाऱ्या प्याद्यास अक्षर नाहीं. तें ज्या घरांत गेलें त्या घराचेंच नांव लिहावयाचें. मोहरा मारला तर गुणाकाराची फुली, शह दिला तर बेरजेचें चिन्ह, मात झाली तर दुहेरी कातरीसारखें # हें चिन्ह, आणि राजाच्या बाजूच्या किल्लेकोटास ०-०, वजिराच्या बाजूच्या किल्लेकोटास ०-०-०. अर्ध्या मात्रेच्या बचतीनें हर्षित होणाऱ्या आपल्या वैयाकरणांनीं हें सूत्रलेखन पाहिलें असतें, तर त्यांनीं मान डोलाविली असती.

या पद्धतीचें मूळ हलब शहरचा रहिवासी फिलिप स्टामा याच्या, १७३७ सालीं पॅरिसांत निघालेल्या ग्रंथांत सांपडतें. इंग्रजी पुस्तकांतून दीर्घकाळ दुसरी पद्धति चाले. तींत एकाच घरास पांढऱ्याच्या बाजूनें एक नांव व काळ्याच्या बाजूनें दुसरें असे. १९८१ पासून आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघानें स्टामाच्या वळणाची पद्धतिच ग्राह्य धरली. आतां एक लहानसा डाव लिहून पाहूं:

१. ई४ ई५
२. उंसी४ घोसी६
३. वएच५ घोएफ६??
४. व×एफ७#

वाचकांनीं पट मांडून ह्या चार ओळी खेळून पाहाव्या. पांढऱ्याचा उंट आणि वजीर या दोघांचाही डोळा एफ७ वरील प्याद्यावर आहे, हें काळ्यानें पाहिलें नाहीं आणि वजिरास धमकावण्याच्या नादांत घोडा काढला. दोन प्रश्नचिन्हें त्या घोडचुकीचीं. त्याऐवजीं जी६ खेळून प्याद्यानें वजिरास हुसकाविलें असतें, तर पांढऱ्याचा घाईचा बेत फसला असता. डाव लिहिलेला नसता, तर नवशिक्या “मी हरलों” एवढेंच म्हणून पट आवरता. लिहिलेला असल्यामुळें तो कोणत्या खेळीस हरला, हें बोट ठेवून दाखवितां येतें.

घरांतील शांतीसही या वहीचा मोठा हातभार लागतो. “माझें प्यादें येथें होतें”, “तूं हात लावून मोहरा फिरविलास” अशा तक्रारींनीं भावाभावांत रात्रीं अबोला धरल्याचें कोणत्या एकत्र कुटुंबांत घडलें नाहीं? वही असली कीं साक्षीदार लागत नाहीं. मोठ्या स्पर्धांतूनही दीर्घ वेळेच्या डावांत खेळाडूस प्रत्येक खेळी लिहावीच लागते. तीच स्थिति तीनदां आली, म्हणून बरोबरी मागावयाची झाली तर आधार त्या कागदाचाच. शिवाय पूर्वीं ओसरीवरचा खेळ पुरुषांचा असे. आतां आमच्या सूनबाई स्वयंपाकघर आवरून माजघरांत बसल्या बसल्या पुण्याच्या आपल्या बहिणीशीं डाव मांडतात, आणि नात त्या खेळ्या वहींत उतरून घेते. जुलै २०२५ मध्यें नागपूरच्या दिव्या देशमुख या एकोणीस वर्षांच्या मुलीनें जॉर्जियांतील बातुमी येथें कोनेरू हंपी यांच्यासारख्या श्रेष्ठ खेळाडूस अंतिम फेरींत हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला व ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली. आमच्या विदर्भाच्या कन्येचे ते डाव लेखनपद्धति जाणणाऱ्या कोणत्याही मुलीस घरबसल्या खेळून पाहतां येतात. असा गुरु कोणत्या खेड्यास यापूर्वीं मिळाला होता?

परंतु या विद्येची खरी किंमत आम्हांस निराळ्याच प्रसंगीं कळली. पुण्यास राहणारे आमचे एक बालमित्र गेल्या दोन वर्षांपासून दृष्टीनें अधू झाले आहेत. मोबाईलवरील पट त्यांस दिसेनासा झाला, तेव्हां आतां खेळ सुटला असें म्हणून ते खिन्न झाले होते. पण घरांचीं नांवें त्यांनीं आधींच पाठ केलीं होतीं. म्हणून आम्ही फोनवर बोलूनच खेळूं लागलों. ते म्हणतात, “घोडा एफ तीन”. आम्ही येथें तो घोडा मांडतों व आपली खेळी उच्चारून सांगतों. त्यांच्या घरीं पट आहे, त्यावर ते हातानें चांचपून मोहरे ओळखतात. यांत कांहीं अलौकिक नाहीं. दृष्टिहीन खेळाडूंच्या स्पर्धा याच रीतीनें होतात: दोघांपुढें दोन पट, काळीं घरें किंचित् उंच, मोहरे खांचांत बसणारे, आणि प्रत्येक खेळी मोठ्यानें उच्चारलेली. एकाक्षरी नांवांत घोटाळा होऊं नये म्हणून तेथें ए ओळीस ‘अ‍ॅना’, बी ओळीस ‘बेला’ अशीं पूर्ण नांवें आहेत. मुंबईचे चारुदत्त जाधव यांनीं अशा खेळाडूंसाठीं अखिल भारतीय संघटना उभी केली आहे. आमचे मित्र आतां आठवड्यास दोन डाव खेळतात, आणि त्यांचा आवाज फोनवर पूर्वींसारखा खणखणीत येतो. डोळ्यांवर अवलंबून असलेला खेळ अक्षरांमुळें कानावर चालूं लागला, हा लाभ लहान नव्हे.

या सोयीस कांहीं पथ्येंही आहेत. डाव चालू असतां संगणकास विचारून खेळी करूं नये. मित्रास हरविण्याचें तें समाधान उसनें असतें. डाव संपल्यावर मात्र यंत्राचें मत अवश्य पहावें, पण आधीं आपलें मत लिहावें. झटपट डावांच्या नादीं लागून मुलांनीं रात्र जागवूं नये. दिवसाची मुदत असलेला एकच डाव दहा घाईच्या डावांहून अधिक शिकवितो. नव्यानें आरंभ करणाऱ्यांनीं पहिल्या दिवशीं घरांचीं नांवें, दुसऱ्या दिवशीं चिन्हें, तिसऱ्या दिवशीं एक पूर्ण डाव असा क्रम धरावा.

शेवटीं एकच सूचना. यंत्रांत यादी राहते म्हणून निश्चिंत होऊं नये. परवलीचा शब्द विसरला कीं ती यादीही हातची जाते. एक शंभरपानी वही आणावी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तिथि, खेळणाऱ्यांचीं नांवें आणि गांव लिहावें, खालीं खेळ्या, आणि अखेरीस दोन ओळींत डाव कोठें फिरला याची टीप. घरांतील मुलाबाळांस ती वही वाचावयास द्यावी आणि वडील मंडळींचा एखादा डाव पटावर मांडावयास सांगावें. कोणत्या खेळीस आजोबा थांबले, कोठें त्यांनीं धीर धरला, कोठें धाडस केलें, हें नातवंडें आपल्या हातांनीं मोहरे हलवून पाहतील. ओळख पटविण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाहीं.