पालीचा पाय आणि मोजणारी सुई

संध्याकाळी दिवा लागला की भिंतीवर पाल हजर. छतावरून उलटी धावते, पण पडत नाही. नातवंडांनी कारण विचारले, तर "तिचे पाय चिकट असतात" असे सांगून आपण मोकळे होतो. पण वाचकहो, पालीच्या पायाला डिंक नसतो. असतात ते लाखो बारीक केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. एका फाट्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढी. एवढ्याशा वस्तूची पकड मोजायची कशी?

त्यासाठी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप हे यंत्र आहे. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी ते 1986 साली जगापुढे मांडले. नाव सूक्ष्मदर्शकाचे असले तरी हे यंत्र भिंगातून पाहत नाही, आंधळ्याच्या काठीसारखे चाचपते. एका लवचीक पट्टीच्या टोकाला अतिशय अणकुचीदार सुई असते. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पडतो. पट्टी किंचित वाकली तरी परावर्तित किरण सरकतो, आणि किती वाकली यावरून बळ कळते. आपल्या बाजारातल्या स्प्रिंगच्या काट्याचेच हे तत्त्व.

सुई खाली येते तेव्हा पृष्ठभाग तिला एकदम ओढून घेतो. वर उचलताना ती सहजी सुटत नाही. पट्टी वाकते, ताणते आणि मग झटकन सुटते. सुटताना लागलेली ओढ म्हणजे त्या जागेची चिकटण्याची शक्ती. असे आडवे 64 आणि उभे 64 ठिपके घेतले, म्हणजे 4096 वेळा सुई टेकवली की बळांचा नकाशा तयार होतो. डोळ्यांना सपाट दिसणारा तुकडाही त्यात कुठे चिकट, कुठे कोरडा, कुठे मऊ असा वेगवेगळा उमटतो.

दमट हवेत मात्र पंचाईत होते. पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर सुईभोवती चढतो आणि तिला धरून ठेवतो. मग मोजले ते पृष्ठभागाचे बळ की पाण्याचे? म्हणून पुष्कळदा सुई आणि नमुना दोन्ही पाण्यात बुडवूनच मोजमाप करतात.

पालीच्या बाबतीत हाच वाद रंगला. रेणूरेणूंमधील नाजूक आकर्षणानेच ती चिकटते, असे अमेरिकन संशोधकांनी 2002 साली मांडले. 2005 साली जर्मनीतील संशोधकांनी गेको जातीच्या पालीचा एकच फाटा या यंत्राच्या पट्टीला जोडून पकड मोजली. ती निघाली सुमारे 10 नॅनोन्यूटन, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या वजनाएवढी. हवेतला दमटपणा वाढवला की पकडही वाढत होती. तेव्हा पाण्याचाही त्यात हात आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे 2010 साली दुसऱ्या गटाने वेगळाच खुलासा दिला: दमट हवेत केसच मऊ पडतात आणि भिंतीला अधिक बिलगतात.

आमच्या भिंतीवरची पाल तोवर दिव्याजवळचा किडा गिळून केव्हाच पसार झालेली असते.