मापलेली माणसं (भाग ७) : नाकावरून जात

स्थळ पाहून घरी परतलेल्या बायका 'मुलगी नाकीडोळी नीटस आहे हो' असं म्हणतात, तेव्हा पसंती कळते. सरळ नाकाला आपल्याकडे चाफेकळीची उपमा. हे कौतुक वरवर घरगुती आणि निरुपद्रवी वाटतं. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका सनदी अधिकाऱ्यानं भारतीयांच्या नाकाला कॅलिपर लावला आणि जातींची उतरंड निसर्गानंच रचली आहे, असं मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. त्याच्या आकड्यांचं पुढे काय झालं, ते आज पाहू.

मागच्या भागात आपण फ्रान्सिस गाल्टनपाशी थांबलो होतो. 'चांगल्या' माणसांची पैदास वाढवावी, 'वाईटां'ची रोखावी, या विचाराला त्यानं १८८३ साली 'युजेनिक्स' हे नाव दिलं. मराठीत त्याला सुप्रजननशास्त्र म्हणू लागले. मात्र चांगलं कोण हे ठरवायचं, तर आधी माणसं मापायला हवीत. बंगालमध्ये नोकरी करणाऱ्या हर्बर्ट रिस्ली यांनी ते काम अंगावर घेतलं. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांची पद्धत त्यांनी उचलली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. निर्देशांक ७० पेक्षा कमी आला तर नाक अरुंद, ८५ च्या वर गेला तर रुंद, आणि मधलं ते मध्यम. म्हणजे पाच सेंटिमीटर उंचीच्या नाकाची रुंदी ३.४ सेंटिमीटर असेल तर निर्देशांक ६८ येतो आणि ४.३ असेल तर ८६. नऊ मिलिमीटरांत माणूस एका टोकाच्या गटातून दुसऱ्या टोकाच्या गटात जाऊन पडतो.

१८९१ साली 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगॉल' या ग्रंथाच्या खंडांमधून ही मापं प्रसिद्ध झाली. रिस्ली यांचा निष्कर्ष असा, की नाक जितकं रुंद तितकी त्या जातीची सामाजिक पायरी खालची. कारण, त्यांच्या मते, आर्य वरचे आणि द्रविड खालचे, आणि जात म्हणजे या दोन वंशांमधल्या अंतराची नोंद. पुढे १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त झाले आणि जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमानं लावायचं ठरलं. आपला क्रम वर लावावा म्हणून ठिकठिकाणच्या जातींनी सरकारकडे अर्ज केले. अभ्यासकाच्या टेबलावरची कल्पना आता सरकारी दप्तरात शिरली होती, आणि दप्तरात शिरलेली गोष्ट लोक खरी मानू लागतात.

या आकड्यांना आव्हान मिळालं ते मालवणात जन्मलेल्या एका माणसाकडून. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजमध्ये शिकून आले आणि १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९३२ च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या पुस्तकात त्यांनी या मापांची पुन्हा मांडणी केली. एका प्रांतातली जात दुसऱ्या प्रांतातल्या जातीशी ताडून पाहिली, तसा रिस्ली यांचा नियम ढासळू लागला. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण शरीरमापांनी आपल्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या अस्पृश्य चुहडा जातीला अधिक जवळचा निघाला. आपल्याकडचं चित्र तर मला आजही थांबवून ठेवतं. देशस्थ ब्राह्मण चित्पावनापेक्षा समुद्रावर मासेमारी करणाऱ्या सोनकोळ्याच्या अधिक जवळ आणि त्याच्या पाठोपाठ महार आणि कुणबी. शेणवी आणि उच्चकुलीन मराठे त्यानंतर. एका पंगतीला बसू न शकणारी माणसं घुर्यांच्या तक्त्यात शेजारी बसली होती!

घुर्ये पूर्ण मोकळे झाले नव्हते, हेही सांगायला हवं. संयुक्त प्रांतापुरता नाकाचा आणि जातीच्या पायरीचा संबंध त्यांनी मान्य केला होता. आर्यवंशाच्या कल्पनेवरही त्यांचा विश्वास होता. मापाचा आणखी एक पेच होता : नाकाच्या रुंदीचा हवामानाशी संबंध असतो. उष्ण, दमट प्रदेशांत नाकं सरासरीनं रुंद आढळतात, हे थॉमसन आणि बक्स्टन या संशोधकांनी १९२३ मध्येच दाखवलं होतं. ज्याला वंशाची खूण म्हणायचं, तिच्यात हवेचाही हात होता.

या साऱ्यातून सर्वांत धारदार निष्कर्ष काढला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी घुर्यांची हीच मांडणी पुढे ठेवली आणि सरळ विचारलं : शरीरमापनशास्त्र खरं असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. मग अस्पृश्यतेचं मूळ वंशात कसं शोधायचं? प्रतिपक्षाचीच पट्टी हातात घेऊन त्यांनी प्रतिपक्षाचा दावा मोजला आणि तो तोकडा निघाला.

सुप्रजननाच्या युक्तिवादाला त्यांनी त्याआधीच, १९३६ साली, उत्तर दिलं होतं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं रद्द केलेलं अध्यक्षीय भाषण त्यांनी स्वतः छापलं, त्यात ते आहे. जातीमुळे रक्त शुद्ध राहतं आणि प्रजा सुधारते, असं तेव्हाचे काही शिकलेले लोक सांगत. बाबासाहेबांचा प्रश्न असा, की बेटीबंदीला वंशाचं कारण देता येईल, पण रोटीबंदीचं काय? एका ताटात जेवल्यानं रक्त कसं मिसळतं? आणि पंजाबच्या ब्राह्मणाचं मद्रासच्या ब्राह्मणाशी वंशाचं नातं जवळचं, की पंजाबच्याच चांभाराशी? हे प्रश्न वाचताना मला त्यांच्यामागचं आयुष्य दिसतं. परदेशात शिकून बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागा न मिळालेला माणूस ते विचारत होता.

मोजमापाचा हा धागा इथे तुटत नाही. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी रिस्ली यांचे आकडे तपासायला घेतले, आणि अशाच शरीरमापांच्या अभ्यासातून 'महालनोबीस अंतर' हे संख्याशास्त्राचं साधन जन्माला आलं. ते आज जगभर वापरलं जातं. इकडे पुण्याची एक तरुण मुलगी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला पोचली, नेमकी सुप्रजननवादी ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत. युरोपीय माणूस इतरांपेक्षा श्रेष्ठ असल्याची खूण तिनं कवट्यांच्या आकारात शोधावी, अशी गुरूची अपेक्षा होती. तिनं कवट्या मापल्या आणि तशी खूण सापडत नाही, हे प्रबंधात लिहून टाकलं. तिचं नाव इरावती कर्वे. पुढच्या आठवड्यात आपण तिच्या मागोमाग त्या कवट्यांच्या कपाटापाशी जाऊ.