हवेला गिरकी देणारी चकती

डिझेल इंजिनात आधी नुसती हवा आत येते, दाबली जाऊन भयंकर तापते, आणि अगदी शेवटच्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा उडतो. आता या दोघांना मिसळून जळायला वेळ किती मिळतो? इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका सेकंदाचे हजार तुकडे करा आणि त्यातले जेमतेम तीन-चार उचला. बस्स, एवढाच!

एवढ्यात डिझेलच्या प्रत्येक थेंबाला ऑक्सिजन गाठायचा असतो. हवा सुस्त असेल, तर फवाऱ्याजवळचा ऑक्सिजन चटकन संपतो आणि कडेचा तसाच पडून राहतो. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते. म्हणजे हवा पुरेशी असून भागत नाही, ती फिरतीही हवी.

पण तिला फिरवणार कसं? सिलिंडरमध्ये पंखा थोडाच बसवता येतो!

इथे इनटेक मॅनिफोल्डमधले, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधले, स्वर्ल फ्लॅप कामाला येतात. अनेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरकडे हवेच्या दोन वाटा जातात. एक वाट हवेला तिरकं, भिंतीच्या कडेने आत सोडते. दुसऱ्या वाटेत दांडीवर फिरणारी एक छोटी चकती असते, तोच स्वर्ल फ्लॅप. इंजिन संथ चालू असताना ही चकती आपली वाट बंद करते. मग सगळी हवा उरलेल्या एकाच वाटेत घुसते, अरुंद वाटेमुळे वेग घेते आणि भिंतीला लागून गोल फिरू लागते. एक पत्रा आडवा काय झाला, हवेचा भोवरा तयार!

खरी कमाल पुढेच आहे. पिस्टनच्या माथ्यावर एक खळगा असतो. पिस्टन वर येतो, तशी सिलिंडरभर फिरणारी हवा त्या लहानशा खळग्यात कोंबली जाते. गिरकी घेणारी नर्तकी पसरलेले हात छातीशी आणते, तेव्हा काय होतं? गिरकी एकदम वाढते. इथेही तसंच! घेर आटतो आणि भोवरा भरधाव सुटतो, तोही नेमका डिझेल उडायच्या वेळी.

मग चकती कायमच बंद का ठेवत नाहीत? कारण मिनिटाला ४००० फेऱ्यांना हवा आत घ्यायला पिस्टनला सेकंदाचा शंभरावा भागही मिळत नाही. तिथे दोन्ही वाटा मोकळ्या लागतात. शिवाय गिरकी अती झाली, तर एका फवाऱ्याचा जळका वायू शेजारच्या फवाऱ्यावर जाऊन पडतो आणि काजळी पुन्हा वाढते! म्हणून इंजिनाचा संगणक वेग आणि भार पाहून चकत्या किती उघडायच्या ते ठरवतो.

आणि या चकतीचा वैरी कोण? काजळीच! ईजीआर, म्हणजे धूर परत फिरवणाऱ्या व्यवस्थेतून, थोडा धूर पुन्हा आत घेतला जातो. त्यातली काजळी तेलाच्या वाफेत कालवली जाऊन चकतीवर चिकट थर धरते आणि चकती अडकते. बीएमडब्ल्यूच्या एम४७ आणि एम५७ या डिझेल इंजिनांमध्ये तर चकत्या किंवा त्यांचे स्क्रू सुटून थेट सिलिंडरमध्ये गेल्याचे आणि इंजिन निकामी झाल्याचे प्रकार घडले. त्या धास्तीने अनेकांनी चकत्याच काढून टाकल्या.

काढल्या तरी गाडी धावते, जोरही फारसा घटत नाही. हरवते ती संथ वेगातली गिरकी. वाढलेली काजळी मग फिल्टर असेल तर त्याच्या माथी, नसेल तर मागून येणाऱ्याच्या नाकात!