एका बाकावर एक मूल



कारखान्याच्या पत्रिकेत शाळेचा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण महामारीच्या दिवसांत शाळेचा हजेरीपट आणि ऊसतोडीचा हंगाम यांची जी गाठ पडली, ती आपण फडावर उभे राहून पाहिली आहे.

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. पुढे मुंबई-पुण्याची माणसं गावी परतली तेव्हा अनेक गावांत जिल्हा परिषद शाळेच्या खोल्या विलगीकरणासाठी दिल्या गेल्या. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीचं मतदान झालं, तेही बहुतेक ठिकाणी शाळेतच. रांगा लागल्या, गुलालही उधळला. पहिलीचं पोर मात्र घरीच! मोठ्यांचे वर्ग मधूनमधून उघडले, मिटले. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. लगेच जानेवारीत परत कुलूप, आणि २४ जानेवारी २०२२ पासून, जिथे स्थानिक प्रशासनाने होकार दिला तिथे, पुन्हा घंटा.

शाळा उघडायची तर एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट अंतर, वर्गात पंधरा-वीसच मुलं. कागदावर ठीक. पण वस्तीवरच्या शाळेला खोल्या दोन आणि गुरुजीही दोनच. मग पाळ्या आल्या. आज निम्मी मुलं, उद्या निम्मी. म्हणजे पोर शाळेत जातंय म्हणायचं, पण निम्मेच दिवस. हजेरीची सक्ती नव्हती, पालकांची लेखी संमती मात्र हवी. एकाच नळावर पाणी पिणं बंद. शाळेत शिजणारी खिचडीही थांबली होती, तिच्याऐवजी कोरडा शिधा पालकांच्या हाती. एकत्र जेवायला बसण्याने मुलं शाळेत टिकतात, हे गुरुजींना विचारा.

आता तोडणी मजुरांचं बघा. २०२१-२२ चं गाळप १५ ऑक्टोबरपासून सुरू झालं. गावाकडची शाळा उघडली तेव्हा बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या येऊन दीड महिना होत आलेला. नाव तिकडच्या पटावर, पोर इकडे कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतंय. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गाचं तोंड न बघता दुसरीत गेलं होतं. घरच्या पोराकडे निदान मोबाईल तरी होता. आई-बाप पहाटे फडात गेलेले. संमतीपत्रावर सही कोणाची घ्यायची?

महामारी सरली, पण टोळ्या दर हंगामाला येतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, आणि वर्ग वयाप्रमाणे द्यावा लागतो. तेव्हा आपल्या शिवारात कोप्या पडल्या की मुकादमाकडून मुलांची नावं-वयं लिहून घ्यावीत आणि त्याच आठवड्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावीत. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेवढ्यात बाराखडी होते.